खाटेशेजारचा प्रयोग

ऑपरेशननंतर रिकव्हरी रूममध्ये पेशंटला उलटी झाली की नाही, हा काही इतिहासात शिरणारा प्रश्न वाटत नाही. पण १९६३ साली ‘नर्सिंग रिसर्च’ या अमेरिकन नियतकालिकात एक निबंध आला आणि त्याचा विषय हाच होता: ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर नर्सिंगचा काय परिणाम होतो. लेखक दोघं. पहिलं नाव रेटॉ ड्युमास, दुसरं रॉबर्ट लेनर्ड. ड्युमास नर्स होत्या. येल विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलमधून १९६१ साली मास्टर्स झालेल्या आणि तिथेच रमलेल्या. लेनर्ड त्याच स्कूलमध्ये शिकवणारे समाजशास्त्रज्ञ. नर्स खाटेशेजारी जे करते त्याने पेशंटच्या शरीरात काही फरक पडतो का, हे दोन गट पाडून आणि मोजून बघणारे जे अगदी सुरुवातीचे प्रयोग झाले, त्यांतला हा एक.

माझा नर्सिंगशी थेट संबंध नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर. आमच्याकडे बटणाचा रंग केशरी ठेवायचा की हिरवा, यासाठीसुद्धा प्रयोग चालतो. अर्ध्या लोकांना एक बटण दाखवायचं, अर्ध्यांना दुसरं, आणि आठवड्याने आकडे बघायचे. ही पद्धत आली कुठून म्हणून वाचत गेलो तर आधी भेटली इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडची शेतं, जिथे १९२०च्या दशकात रोनाल्ड फिशर खतांचे प्रयोग आखत होते. मग १९४८ सालची क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी. आणि तिथून आडवाटेने हा उलट्यांचा निबंध. इथे खताच्या आणि गोळीच्या जागी होतं एका माणसाचं दुसऱ्या माणसाशी बोलणं. ते कुणी मोजायला घेतलं, कसं घेतलं आणि त्यासाठी एक विद्यार्थिनी आणि एक मास्तर अशी जोडीच का लागली, हे मला सांगायचंय.

विद्यार्थिनी की बिनपगारी कामगार

त्यासाठी आधी चाळीस वर्षं मागे जायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नर्सिंगची बहुतेक स्कूल्स हॉस्पिटलांच्या ताब्यात होती. मुलगी ‘शिकायला’ यायची आणि आल्या दिवसापासून वॉर्डात राबायची. हॉस्पिटलं चालायची ती या मुलींच्या जिवावर. तास ठरायचे वॉर्डाच्या गरजेवर, शिकणं उरलंसुरलं. १९२३ साली जोसेफिन गोल्डमार्क यांनी लिहिलेला एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला, तो ‘गोल्डमार्क रिपोर्ट’ म्हणूनच ओळखला जातो. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष येलचे सी. ई. ए. विन्स्लो होते आणि पैसा रॉकफेलर फाउंडेशनचा. अहवालाचं म्हणणं थोडक्यात असं की, हॉस्पिटलची मनुष्यबळाची नड आणि विद्यार्थिनीचं शिक्षण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, आणि आड आल्या की दर वेळी शिक्षणच हरतं.

त्याच वर्षी, त्याच फाउंडेशनच्या मदतीने येलमध्ये नर्सिंग स्कूल सुरू झालं. अ‍ॅनी गुडरिच पहिल्या डीन. येलच्या कुठल्याही विभागाच्या डीनपदी बसलेली ही पहिली बाई. या स्कूलचं वेगळेपण हे की ते हॉस्पिटलच्या मालकीचं नव्हतं, विद्यापीठाचं होतं. मुलींनी वॉर्डात जायचं ते शिकण्यासाठी.

हे सगळं सांगायचं कारण असं की संशोधनाला सगळ्यात आधी लागतो तो रिकामा वेळ. ज्या मुलीच्या अंगावर बारा खाटा आहेत ती प्रश्न विचारत नाही, ती बारा खाटा उरकते. एका पेशंटजवळ तासभर बसून ‘हिला नेमकं काय होतंय’ असा विचार करायची मुभा कुणीतरी, कुठल्यातरी कागदावर, आधी मंजूर करावी लागते.

१९५६ साली येलने आणखी एक कडू निर्णय घेतला. नर्स घडवण्याचा मूळ अभ्यासक्रम बंद केला. यापुढे फक्त आधीच नर्स झालेल्यांसाठी मास्टर्स. अनेकांना हा घाला वाटला, आणि होताही. पण त्याचा एक परिणाम झाला. स्कूलमध्ये आता ज्या विद्यार्थिनी येत होत्या त्यांनी वॉर्ड बघितला होता, रात्रपाळ्या केल्या होत्या, माणसं मरताना पाहिली होती. शिक्षकांना माहीत नसलेलं बरंच काही त्यांना माहीत होतं.

नर्सेसवर अभ्यास, नर्सिंगवर नाही

व्हर्जिनिया हेंडरसन हे नाव नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. त्या १९५३ पासून येलमध्ये होत्या आणि त्यांनी अंगावर घेतलेलं काम ऐकूनच दमायला होतं: १९०० ते १९५९ या काळात नर्सिंगवर जे काही अभ्यास छापले गेले त्यांची सूची करायची. गूगल नाही, कॉम्प्युटर नाही. वाचायचं आणि कार्ड लिहायचं. पुढे त्याचे चार खंड झाले.

त्यांना एक गोष्ट आधीपासूनच खटकत होती. १९५६ साली ‘नर्सिंग रिसर्च’मध्येच त्यांनी एक संपादकीय लिहिलं. त्याच्या मथळ्यातच प्रश्न होता: प्रत्यक्ष नर्सिंगवर संशोधन कधी होणार? कारण ढिगाने अभ्यास होते ते नर्सेसवर. मुली या पेशात का येतात, का सोडतात, त्यांना काय वाटतं, त्यांना किती येतं. नर्स जे करते त्याने पेशंटचं काय होतं, यावर मात्र फारच थोडं.

आमच्या भाषेत सांगायचं तर टीमचे शंभर सर्व्हे झाले होते, पण प्रॉडक्ट चालतंय का हे कुणी बघितलं नव्हतं.

त्याच स्कूलमध्ये आयडा जीन ऑर्लँडो नावाची एक तरुण शिक्षिका १९५४ पासून वेगळंच काहीतरी करत होती. तिने वॉर्डात बसून नर्स आणि पेशंट यांच्यातले प्रसंग टिपायला सुरुवात केली. कोण काय म्हणालं, कोण काय करत होतं, पुढे काय झालं. असे साधारण दोन हजार प्रसंग जमले. मग तिने त्यांचे गठ्ठे लावायचा प्रयत्न केला. कुठल्याही थोर सिद्धांतात ते बसेनात. शेवटी दोनच गठ्ठे झाले: चांगलं नर्सिंग आणि वाईट नर्सिंग. आता हे दोन गठ्ठे कशाने वेगळे होतात ते बघायचं.

उत्तर ऐकायला साधं आहे. समजा, पेशंट सारखी बेल वाजवतोय. वाईट गठ्ठ्यातली नर्स मनाशी ठरवते, ‘हा कटकट्या आहे’, आणि त्या समजावर पुढची कृती करते. चांगल्या गठ्ठ्यातली नर्स आपला समज पेशंटपुढे ठेवते: ‘तुम्ही पुन्हा पुन्हा बोलावताय, मला वाटतंय तुम्हाला एकटं राहायची भीती वाटतेय, तसं आहे का?’ तो ‘हो’ म्हणेल, ‘नाही’ म्हणेल; पण अंदाज पडताळून बघितला जातो. आणि मदत केल्यावर पुन्हा एकदा बघितलं जातं की त्रास खरंच कमी झाला का. ऑर्लँडोचं पुस्तक १९६१ साली आलं.

पण दोन हजार प्रसंग वाचून ‘हे चांगलं, हे वाईट’ ठरवणारी व्यक्ती एक नर्सच होती. सर्जन त्यावर म्हणू शकत होता, ‘तुम्हाला चांगलं वाटलं, छान. पण त्याने माझ्या पेशंटला काय फरक पडला?’ या प्रश्नाला तोंड द्यायचं तर ज्याच्यावर मतभेद होऊ शकत नाही असं काहीतरी मोजायला हवं होतं.

उलटीच का

इथे ड्युमास आणि लेनर्ड येतात.

रेटॉ ड्युमास यांचा जन्म १९२८ चा, मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावचा. कृष्णवर्णीय मुलगी, वंशभेदाचे कायदे जोरात असलेला दक्षिणेचा मुलूख. न्यू ऑर्लिन्सच्या डिलर्ड विद्यापीठातून त्या १९५१ साली नर्सिंगच्या पदवीधर झाल्या, आणि दहा वर्षांनी येलमधून मानसिक आरोग्य नर्सिंगमध्ये मास्टर्स. तेव्हा डीन होत्या फ्लॉरेन्स वॉल्ड. वॉल्ड यांनी स्कूलमध्ये नर्सिंगच्या शिक्षिकांबरोबर समाजशास्त्रज्ञ आणि चक्क तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकही आणून बसवले होते. हे लोक नर्सेसना शिकवत आणि नर्सेसकडून शिकत. लेनर्ड त्यांतले.

प्रयोग असा. स्त्रीरोगासाठी मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या बायकांचे दोन गट. एका गटाला हॉस्पिटलची नेहमीची तयारी: उपाशी ठेवणं, इंजेक्शन, स्ट्रेचर. दुसऱ्या गटाला हे सगळं मिळालंच, शिवाय ऑपरेशनच्या आधी एक नर्स त्यांच्याबरोबर राहिली. तिचं काम होतं त्या बाईला कसला त्रास, कसली धास्ती आहे ते शोधणं, विचारून खात्री करणं, जमेल ती मदत करणं आणि मदतीने धास्ती उतरली का ते पुन्हा बघणं. ऑर्लँडोची रीत, फक्त आता तिची परीक्षा होती.

आणि मोजायचं काय? उलटी.

ही निवड मला फार हुशारीची वाटते. त्या काळात भुलीसाठी ईथर वापरात होतं आणि शुद्धीवर येताना ओकारी येणं नेहमीचं होतं. पण नेहमीचं म्हणून किरकोळ नव्हे. अर्धवट शुद्धीत उलटी फुप्फुसात जाऊ शकते, ताज्या टाक्यांवर ताण येतो. म्हणजे सर्जनलाही तिची काळजी. दुसरं, उलटी झाली की झाली. ‘तुम्हाला किती बरं वाटतंय’ असं विचारलं तर पेशंट सिस्टरला वाईट वाटू नये म्हणूनही ‘खूप बरं’ म्हणेल. पोट अशी भीडभाड ठेवत नाही. तिसरं, बोलणं झालं एकीकडे, परिणाम मोजला दुसरीकडे, मध्ये आख्खं ऑपरेशन. नर्सच्या गोड बोलण्याचा तात्पुरता असर एवढा वेळ टिकायचा नाही. टिकला तर खरंच काहीतरी झालंय.

प्रयोग छोटा होता, पण त्यांनी तो एकदा करून थांबवला नाही. छोटे छोटे तीन प्रयोग केले. ज्या बायकांशी नर्स बोलली त्यांना उलट्या कमी झाल्या, आणि तो फरक योगायोग म्हणून झटकून टाकण्याइतका लहान नव्हता.

इथे औषध म्हणजे विद्यार्थिनी

गुरू-शिष्याच्या संशोधनाचं आपल्या डोळ्यासमोरचं चित्र ठरलेलं असतं. सरांना प्रश्न माहीत असतो, मुलं डेटा गोळा करतात, सरांचं नाव आधी लागतं. मी इंजिनियरिंगला असताना हेच बघितलं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

येलच्या या प्रयोगात हे चित्र उलटं होतं, आणि ते कुणाच्या मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. कामाची गरजच तशी होती. लेनर्डना प्रयोग आखता येत होता. तुलनेचा गट कसा ठेवायचा, योगायोगाची शक्यता कशी काढायची, हे त्यांचं शास्त्र. पण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाईजवळ जाऊन काय बोलायचं, हे त्यांना येत नव्हतं. ते येत होतं ड्युमास आणि त्यांच्यासारख्या नर्सेसना. पद्धत मास्तरांची, विषय विद्यार्थिनीच्या हातात. एकट्या लेनर्डनी केला असता तर तो नर्सेसवरचा आणखी एक सर्व्हे झाला असता. एकट्या नर्सने केला असता तर ‘आम्हाला अनुभव आहे’ एवढ्यावर थांबला असता. लेखकांत नर्सचं नाव आधी आहे, ते मला म्हणूनच योग्य वाटतं.

यातून एक अडचणही उभी राहते. गोळीची चाचणी घेताना गोळी देणारा बदलला तरी गोळी तीच राहते. इथे गोळी म्हणजेच नर्स. मग उलट्या कमी झाल्या त्या नर्सिंगमुळे, की त्या एका नर्सच्या स्वभावामुळे? आमच्याकडे यावर एक जुना विनोद आहे: ‘माझ्या मशीनवर चालतंय.’ एका हुशार बाईच्या हातून जमलं ते दुसरीला शिकवता येत नसेल तर ते शास्त्र नाही, हातगुण आहे.

या शंकेवर उपाय एकच: इतरांनी, इतर पेशंटवर, इतर प्रश्न घेऊन पुन्हा करणे. १९६०च्या दशकात येलमध्ये नेमकं हेच सुरू झालं. फिलिस ट्रायॉन यांनी लेनर्डबरोबर बाळंतपणाआधी दिल्या जाणाऱ्या एनिमावर काम केलं. ज्या गोष्टीबद्दल घरीसुद्धा कुणी बोलत नाही, तिच्यात बाईला सहभागी करून घेतलं तर काय होतं हा त्यांचा प्रश्न. पुढे जेम्स स्किपर आणि लेनर्ड यांनी टॉन्सिल काढायला आलेल्या मुलांवर केलेला प्रयोग तर अफलातून आहे. त्यात नर्स मुख्यतः बोलली ती मुलांच्या आयांशी. आईला नीट माहिती दिली, तिची धास्ती ऐकून घेतली, आणि मोजलं मुलाचं शरीर: ताप, नाडी, रक्तदाब. आईची भीती उतरली तशी मुलाच्या शरीरावरची खळबळही कमी झाली. कुठल्याही आजीने ‘मला विचारायचं होतं’ म्हटलं असतं. पण आजीचं म्हणणं हॉस्पिटलच्या बजेटमध्ये शिरत नाही. आकडा शिरतो.

बोलणं, मूत्र आणि हार्मोन

१९६४ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या लॉरेन्स एग्बर्ट या भूलतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ पेशंटवर असाच प्रयोग छापला. ज्यांना आधीच सांगितलं की दुखेल कुठे, किती, आणि दुखल्यावर काय करायचं, त्यांना वेदनाशामकं साधारण निम्मीच लागली. कोण कुठल्या गटात हे माहीत नसलेल्या सर्जननी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. हा निबंध डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात आला. आधीच्या वर्षीचा नर्सेसचा निबंध नर्सेसच्या नियतकालिकात आला होता. कुठला अधिक डॉक्टरांनी वाचला असेल हे सांगायला नको.

तोवर ही कल्पना अटलांटिकपलीकडेही रुजत होती. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने सरकारी पैशावर ‘स्टडी ऑफ नर्सिंग केअर’ हा प्रकल्प हाती घेतला. त्याची धुरा होती जीन मॅकफार्लेन यांच्याकडे. नर्सेसनाच संशोधक म्हणून तयार करायचं आणि एकेकीने वा एकेकाने एकेक प्रश्न तडीला न्यायचा, असं स्वरूप. फेलिसिटी स्टॉकवेल यांनी १९७२ साली विचारलं की वॉर्डातले ‘नावडते पेशंट’ कोण असतात. उत्तर अवघडून टाकणारं होतं: तक्रार करणारे, परदेशी, तीन महिन्यांहून जास्त मुक्काम पडलेले, शारीरिक व्यंग किंवा मानसिक आजार असलेले. आवडते कोण? जे सहज गप्पा मारतात, नर्सेसची नावं लक्षात ठेवतात, हसतात, हसवतात. स्वतःच्याच पेशाबद्दल असं लिहायला हिंमत लागते. जॅक हेवर्ड यांनी १९७५ साली दाखवलं की ऑपरेशनआधी माहिती दिलेल्या पेशंटना नंतर वेदनाशामकं कमी लागतात.

मग आल्या जेनिफर बूर. मॅकफार्लेन १९७४ साली मँचेस्टरमध्ये इंग्लंडच्या पहिल्या नर्सिंग प्रोफेसर झाल्या होत्या आणि त्याच विद्यापीठात बूर पीएचडी करत होत्या. पित्ताशय काढायला किंवा हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या पेशंटना त्यांनी आधी नीट माहिती दिली, खोल श्वासाचे आणि पायांचे व्यायाम शिकवले, आणि नंतर त्यांच्या लघवीतली स्टेरॉइड्स मोजली. शरीर ताणाखाली असलं की ही वाढतात. माहिती मिळालेल्यांत ती कमी निघाली. ड्युमास-लेनर्ड यांनी उलटी झाली की नाही एवढं बघितलं होतं. पंधरा वर्षांत दुसऱ्या एका विद्यार्थिनीने तोच धागा प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीपर्यंत नेला.

म्हणजे प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने अशा १०५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष सावध आहे: ऑपरेशनआधीच्या मानसिक तयारीने वेदना, उदासी आणि हॉस्पिटलातला मुक्काम कमी होत असावा, अपाय होण्याची शक्यता नाही, पण पुराव्याचा दर्जा कमी. पन्नास वर्षांनंतर ‘होत असावा’. काहींना हे निराशाजनक वाटेल. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. माणसाशी बोलणं ही एकसारख्या गोळ्यांसारखी वस्तू नाही. ते दर वेळी वेगळं होतं, आणि ते मोजायचं काम म्हणून कायम अर्धंच राहतं.

आपल्याकडे

भारतात नर्सिंगची पदवी सुरू झाली १९४६ साली, दिल्लीत आणि वेल्लोरला. आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीसुद्धा नर्सिंग कॉलेज दिसतं. बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात रिसर्च हा विषय आहे आणि त्यात गटाने करायचा प्रोजेक्टही आहे. म्हणजे कागदावर आपल्याकडे दर वर्षी हजारो ड्युमास आणि हजारो लेनर्ड एकत्र काम करतात.

माझी मावसबहीण त्यांतली एक होती. शेवटच्या वर्षी तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सेल फाइल पाठवली: “दादा, काय-स्क्वेअर काढून दे ना, गाइड मॅडमना उद्या दाखवायचंय.” साठ सॅम्पल, प्रश्नावली, प्री-टेस्ट, एक तासाचं ‘स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम’, पोस्ट-टेस्ट. शिकवण्याआधी गुण कमी, शिकवल्यावर जास्त. काय-स्क्वेअर मी काढून दिला. मग उत्सुकतेपोटी नेटवर आपल्याकडचे नर्सिंगचे प्रबंध चाळले. शीर्षकं चार-चार ओळींची, साचा बऱ्याच ठिकाणी हाच: अमुक विषयावरच्या ज्ञानावर शिकवण्याचा परिणाम. शिकवलं की गुण वाढतात, हे दर वर्षी नव्याने सिद्ध होतं.

हेंडरसन यांनी १९५६ साली जी खंत मांडली तिचीच ही आपली आवृत्ती. पेशंटला किती कळलं, नर्सला किती कळलं, हे मोजलं जातं. त्याचं पुढे काय झालं, हे फारसं नाही.

दोष मुलींचा नाही आणि मॅडमचाही नाही. बहिणीने मला नंतर फोनवर सांगितलं ते असं. सर्जरी वॉर्डात रात्रपाळीला असताना खेड्यातून आलेले पेशंट तिला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारायचे: “भूल दिल्यावर परत जाग येती ना?” डॉक्टरांना विचारायला ते बिचकत, मोठ्या सिस्टरला वेळ नसे, शिकाऊ मुलगी दिसली की तिचा हात धरत. “मी बसायचे दादा दहा मिनिटं. सांगायचे, भूल कशी देतात, शेजारी कोण असतं, जाग आल्यावर घसा का दुखतो. मग झोपायचे ते. ज्यांच्याजवळ बसायला जमायचं नाही ते रात्रभर टक्क जागे.” मी म्हटलं, मग हाच प्रोजेक्ट का नाही केला? ती हसली. “परवानग्या, एथिक्स कमिटी, आणि ड्युटी कोण करणार? माणसं कमी, विद्यार्थी म्हणून गेलं तरी पूर्ण वॉर्ड आमच्यावर. मॅडमच्या हाताखाली अशा कितीतरी मुली. प्रश्नावली वाटून एका दिवसात डेटा मिळतो.”

गोल्डमार्क रिपोर्टला शंभर वर्षं होऊन गेली. वॉर्डाची नड आणि मुलीचं शिक्षण आड आलं की शिक्षण हरतं, हे वाक्य तिच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावलं तरी शिळं वाटणार नाही.

आणि तरी तिच्या त्या चार वाक्यांत पूर्ण प्रयोग होता. कुणाजवळ बसलं, कुणाजवळ नाही. कोण झोपलं, कोण जागं. ड्युमास यांच्याकडेही सुरुवातीला एवढंच असणार. फरक असा की त्यांच्या शेजारी असा एक शिक्षक होता ज्याने म्हटलं, हे लिहून ठेवू, मोजू, आणि तुझं नाव आधी लावू.

दुसऱ्या गटाचं काय

एक प्रश्न मला या निबंधापासून छळतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. दुसऱ्या गटातल्या बायकांचं काय? त्यांच्याजवळ कुणी बसलं नाही. त्यांना नेहमीची काळजी मिळाली हे खरं. प्रयोग झाला नसता तर त्यांना तेवढीच मिळाली असती हेही खरं. पण बोलण्याने बरं वाटतं असा नर्सचा विश्वास असताना मुद्दाम न बोलणं, हे बटणाचा रंग बदलण्यासारखं नाही. त्या काळात यावरचे नियम घडत होते. जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा, म्हणजे हा निबंध छापून आल्यानंतरचा. एकच समर्थन मला पटतं: ‘आम्हाला वाटतं’ एवढ्यावर राहिलं असतं तर पुढच्या कुठल्याच गटाजवळ बसायला कुणी नर्सला वेळ मंजूर केला नसता. इंजेक्शनं मोजता येतात, म्हणून ती देणारी माणसं नेमली जातात. दहा मिनिटांचं बसणं मोजलं नाही तर कपात करताना आधी तेच जातं.

ड्युमास पुढे येलमध्येच मानसिक आरोग्य नर्सिंगच्या प्रमुख झाल्या. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या उपसंचालक; त्या पदावरची पहिली नर्स, पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. १९८१ पासून मिशिगन विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलच्या डीन. आणि १९९६ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना राष्ट्रीय जैवनीती सल्लागार आयोगावर नेमलं. माणसांवरच्या प्रयोगांत त्या माणसांचे हक्क कसे राखायचे, हे या आयोगाच्या कामात होतं. जिने आयुष्याच्या सुरुवातीला दोन गट पाडले होते ती अखेरीस अशा गटांतल्या माणसांच्या बाजूने विचार करायला बसली. २००७ साली त्या गेल्या.

हे वाचणाऱ्यांत कुणी नर्सिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असेल तर एक सुचवतो. मी बाहेरचा माणूस आहे, पण डेटा हा माझा रोजचा धंदा आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंट तुम्हाला जे विचारतात ते, नाव न लिहिता, त्यांच्याच शब्दांत एका वहीत टिपून ठेवा. सकाळी तो झोपला होता का, तेही. अशा तीस नोंदी झाल्या की ती वही घेऊन गाइड मॅडमकडे जा, आणि एथिक्स कमिटीचा अर्ज दोघी मिळून भरा. काय-स्क्वेअर काढायला भाऊ सापडतोच.